गंगा (भांडी)

सचिव साहेबांनी लाल पेनाचं टोपण दातांनी काढलं अन् प्रूफवरचं 'श्रीमती' खोडलं. मग 'बाई' खोडलं. मग आडनाव.

"भांडीवालीला श्रीमती कोणी केलं?"

भिलाईच्या नेहरू नगरातलं छपाईचं दुकान. मी तिथं कॉम्प्युटरवर पानं लावायचे. काचेच्या टेबलाच्या एका बाजूला मराठी मंडळाचे सचिव साहेब अन् दोन सभासद बाया, दुसऱ्या बाजूला दुकानाचे सेठजी. मी माझ्या मशीनपाशी, त्यांच्याकडे पाठ करून. बाया हसल्या. मोठ्यानं नाही, परक्या दुकानात हसतात तेवढंच.

साहेबांनी दुसरं प्रूफ ओढलं. निमंत्रणपत्रिका. तिथंही तेच. तिसरं, फ्लेक्सचं. तिथंही.

"तीन-तीन ठिकाणी? हे मुद्दाम केलंय." मग माझ्याकडे वळून, "तू केलंस?"

मी खुर्ची फिरवली. उभी राहिले.

"टायपिंग मिस्टेक झाली असेल, सर."

ती भांडीवाली माझी माय. साहेबांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. अन् मी तिला टायपिंगची चूक म्हटलं.

साहेबांनी काय केलं ते सगळे ऐकून घेतात. मी काय केलं ते सांगणं आजही टाळावंसं वाटतं. म्हणून तेच आधी सांगितलं.

बाबा भंडाऱ्याकडचे. पोट भरायला भिलाईला आले. स्टील प्लांटमध्ये लागले, पण ठेक्यावर. ठेक्यावरच्या माणसाला क्वार्टर मिळत नाही, म्हणून वैशाली नगरात भाड्याची एक खोली. मी आठवीत असताना बाबा गेले. माय आधीपासूनच सेक्टर सहामधल्या क्वार्टरांमध्ये भांडी घासायची. सकाळी सायकलनं निघायची, दुपारी परत. त्यातल्याच एका घरातून तिला मंडळाचं काम लागलं. मराठी लोकांचं मंडळ. प्लांटमधले ऑफिसर, क्लार्क, रिटायर झालेले. गणपतीचे दहा दिवस रोज जेवणावळी उठायच्या. मांडवाच्या मागं नळ होता, त्या नळावर माय.

मीही जायचे तिच्यासोबत. मांडवात लहान मुलांच्या भाषणाच्या स्पर्धा असायच्या. एका वर्षी मीही भाषण पाठ केलं. शाळेच्या बाईंनी बसवून घेतलं होतं. ओळीत उभी राहिले. माझा नंबर आल्यावर नाव लिहिणाऱ्या बाईनं विचारलं, "कोणाची तू?"

"गंगाबाईची."

तिनं वहीत काही लिहिलं नाही. "तिकडे जा, नळापाशी. आईला मदत कर."

मी गेले. मायनं विचारलं, "झालं काय भाषण?" मी म्हटलं, झालं. ताटं धुवायला बसले. खोटं बोलायची सवय तेव्हापासूनची असावी.

बारावीनंतर सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केला अन् या दुकानात लागले. दुकानात सगळे हिंदीवाले. मराठीचं काम आलं की त्यांचं काही खरं नसायचं. 'ळ' त्यांना दिसतच नाही. 'मंडळ'चं 'मंडल' करून टाकायचे, 'टिळक'चं 'टिलक'. मी आल्यावर मराठीची कामं दुकानाकडे वळली.

काम मला आवडायचं, हे पण सांगितलं पाहिजे. मी आले तेव्हा तिथले लोक प्रत्येक काम पहिल्यापासून करायचे. लग्नाची पत्रिका आली की नवीन गणपती, नवीन वेलबुट्टी, नवीन चौकट. मी हळूहळू सगळं वेगळं काढून ठेवलं. चौकटी एका फोल्डरमध्ये, जाहिरातींचे चौकोन एका, मथळ्यांच्या पट्ट्या एका. आम्ही त्याला लायब्ररी म्हणायचो. हवी ती वस्तू तिथून उचलायची अन् पानावर ठेवायची. अन् ठेवायची अशी की मुळाशी जोडलेली राहील. एकच चौकट दहा पानांवर असली तरी मूळ फाइल एकच. मूळ फाइलमध्ये दुकानाचा फोन नंबर बदलला की दहाही पानांवर पिवळा त्रिकोण उगवतो. म्हणजे पानावरचं जुनं झालं, नवीन तयार आहे. त्यावर टिचकी मारली की झालं. दहाच्या दहा बदलतात. सेठजी आल्यागेल्याला दाखवायचे, "देखिए, हमारी बिटिया ने सिस्टम बनाया है."

मंडळाच्या स्मरणिकेचं काम यंदा पहिल्यांदाच आमच्याकडे आलं. सचिव साहेब रिटायर ऑफिसर. स्वच्छ शर्ट, स्वच्छ मराठी. घरी मी मले-तुले बोलते, पण त्यांच्यासमोर मला-तुला बोलायचे. त्यांनी पेनड्राइव्ह दिला. त्यात मागच्या सात वर्षांच्या स्मरणिका होत्या.

"सगळं नव्यानं करू नकोस," ते म्हणाले. "शेवटच्या पानावरची कार्यकारिणीची चौकट आहे, ती तशीच उचल. पदाधिकारी बदलले तेवढे अपडेट कर. पत्रिकेवर अन् फ्लेक्सवर पण तीच टाक."

मी सातही फाइली उघडल्या. चौकटीत वर अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव. प्रत्येकाच्या आधी श्री. किंवा सौ., पूर्ण नाव, मागं कंसात हुद्दा. रिटायर झाले त्याच्या पुढच्या वर्षी हुद्द्यात 'निवृत्त' आलेलं. बढती झाली तर बढती आलेली. एका बाईंनी पीएचडी केली, लगेच 'डॉ.' लागलेलं. इतकं सांभाळून केलेलं काम.

अन् सगळ्यात खाली, बारीक टाइपात, एक ओळ.

सेवेकरी: गंगा (भांडी), महादेव (मांडव),, सुकवारो (झाडू).

महादेव अन् सुकवारोच्या मध्ये दोन स्वल्पविराम पडले होते. सात वर्षं तेच दोन. कोणाचा डोळाच गेला नव्हता त्या ओळीवर. वरची चौकट दरवर्षी बदलत होती, ही ओळ नुसती उचलून ठेवली जात होती.

महादेवकाका मांडव टाकायचे. बांबूवर माकडासारखे चढायचे अन् वरून आम्हा पोरांना दोरीची टोकं फेकायचे. ते वारले त्याला चार वर्षं झाली. चारही स्मरणिकांमध्ये ते मांडव टाकत होते.

मी ती ओळ बघत बसले होते तेव्हाच साहेबांचा फोन आला. मागचे उपाध्यक्ष हिवाळ्यात वारले, त्यांचं नाव कार्यकारिणीतून काढून 'स्मृतिशेष' पानावर घ्यायचं होतं. फोटो मोठा. काळी चौकट. दोन परिच्छेद मजकूर पाठवतो म्हणाले. "चुकू देऊ नकोस. त्यांच्या घरच्यांना वाईट वाटेल."

मी ते पान लावलं. मन लावून लावलं. मग खालच्या ओळीकडे आले.

मायचं पूर्ण नाव मला माहीत होतं. महादेवकाकांचं शेजारच्या घरातून विचारून घेतलं. सुकवारो मंडळाचं अंगण झाडते, छत्तीसगढी बाई, मायपेक्षा मोठी. संध्याकाळी तिच्या घरी गेले. ती दारात बसून भाजी निवडत होती.

"काकी, पूरा नाम क्या है आपका?"

तिनं मान वर न करताच कशाला म्हणून विचारलं. "काबर? राशन कार्ड बनही का?"

"किताब में लिखना है."

तिनं हातातली भाजी खाली ठेवली. मग म्हणाली, "सुकवारो बाई निषाद." अन् मग पुन्हा एकदा सगळं म्हणाली, हळू, मी नीट ऐकलं की नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी मूळ फाइल उघडली अन् ओळ बदलली. श्रीमती गंगाबाई शेंडे. श्रीमती सुकवारोबाई निषाद. महादेवकाकांना स्मृतिशेष पानावर घेतलं, खाली एका कोपऱ्यात, फोटो नव्हता म्हणून नुसतं नाव: कै. महादेव उरकुडे. मूळ फाइल साठवली. स्मरणिकेवर, पत्रिकेवर, फ्लेक्सवर पिवळे त्रिकोण आले. टिचकी मारली. तिन्ही ठिकाणी मायचं नाव उभं राहिलं.

कोणाला सांगितलं नाही. वाटलं, सात वर्षं कोणी ती ओळ वाचली नाही, यंदाही वाचणार नाहीत. छापून येईल, मग बघू.

पण यंदा वाचली. नाव पूर्ण असलं की डोळ्यात भरतं बहुतेक.

"हे महादेव उरकुडे कोण?" साहेबांनी त्या दिवशी शेवटी विचारलं होतं.

"मांडववाले," मी म्हटलं.

"त्यांना उपाध्यक्षांच्या पानावर घेतलंस?" ते रागावलेसुद्धा नाहीत. समजावल्यासारखं म्हणाले, "बाळ, तू टाईप कर. संपादन आमच्यावर सोड. खालची ओळ होती तशी ठेव."

सेठजींनी मला डोळ्यांनी बसायला सांगितलं. मी बसले. मूळ फाइल उघडली. ओळ होती तशी केली. त्रिकोण आले. टिचकी मारली. नाव द्यायला जेवढा वेळ लागला होता, तेवढाच काढायला लागला. नवीन प्रूफ काढून टेबलावर ठेवलं. साहेब म्हणाले, "छान."

घरी गेले तेव्हा माय भात लावत होती.

"झालं काय मंडळाचं पुस्तक?"

"उद्या फायनल होईन."

ती हात पुसत पेटीपाशी गेली. पेटीत मंडळाच्या सगळ्या स्मरणिका होत्या, प्लास्टिकच्या पिशवीत. दरवर्षी एक प्रत ती मागून आणायची. मला वाटायचं, मायला वाचता येत नाही, पण आपलं नाव छापलं आहे या आनंदात ठेवते. मी त्या कधी उघडून बघितल्या नव्हत्या. तिनं एक काढली, शेवटचं पान उघडलं अन् बरोबर त्या ओळीवर बोट ठेवलं.

"वाच."

"तुले माईत आहे ना."

"मले माईत आहे. तू वाच."

मी वाचलं. गंगा, कंसात भांडी.

"सुकवारोच्या पोरीनं वाचून दाखवलं होतं मले," माय म्हणाली. "मंग दरसाल आणत गेली मी. म्हटलं पाहू तं, कधी बदलवते काय. अन् महादेवचं आहे काय यंदाबी?"

"आहे."

"मेल्यावरबी मांडवच टाकून राहिला बिचारा."

ती हसली नाही. भाताकडे गेली. मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. सुकवारोचं, पिवळ्या त्रिकोणांचं, लाल पेनाचं. अन् मी काय म्हटलं तेही. ते सांगताना आवाज इतका बारीक झाला की तिनं दोनदा विचारलं, "काय म्हणाली तू?"

"टायपिंगची चूक म्हणाली."

मायनं गॅस बंद केला. भात अर्धाच झाला होता.

"मी चूक आहे काय?"

रागानं नाही विचारलं. खरंच विचारत होती. तिनं पुन्हा विचारलं नाही. त्या रात्री आम्ही कच्चा भात खाल्ला.

मी पडल्यापडल्या विचार करत होते. मनात पहिलं आलं ते हेच, की उद्या फायनल झाल्यावर, फाइल मशीनवर पाठवायच्या आधी, मूळ ओळ गुपचूप बदलायची. कोणाला कळणार नाही. हजार प्रती निघून जातील. हात शिवशिवत होते. मग लक्षात आलं, मी हेच एकदा केलं होतं. चोरून केलं होतं, म्हणूनच पकडल्यावर चूक म्हणता आलं. उघड केलं असतं तर दुसरा शब्द शोधावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी साहेब अकरा वाजता आले. सही करायला. त्या दोघी बायाही होत्या. मी प्रूफ काढून ठेवलं नव्हतं. मशीनसमोरून उठून टेबलापाशी गेले.

"सर, ही ओळ अशी मी लावणार नाही."

"कुठली?"

"सेवेकऱ्यांची. नावं पूर्ण लागतील. अन् महादेव उरकुडे वारले आहेत, त्यांचं नाव स्मृतिशेषमध्ये जाईल."

साहेबांनी चष्मा काढला. "तू कोण गं सांगणारी?"

"गंगाबाई शेंडेंची मुलगी. काल मी तुम्हाला चूक म्हणाले. ती चूक नव्हती. मी केलं होतं, समजून."

मग एक बाई म्हणाल्या, "अगंबाई, आपल्या गंगेची का तू? एवढी मोठी झालीस?" माझ्या मायनं त्यांच्या घरी नऊ वर्षं भांडी घासली. मला त्यांनी कधी बघितलं नव्हतं असं नाही.

साहेबांचा चेहरा सैल झाला. वाट सापडली होती त्यांना. "मग आधी सांगायचं ना, वेडे. तुझ्या आईचं कर पूर्ण नाव. श्रीमती पण लाव. बाकीचं राहू दे. तेवढ्यासाठी पान उसवत बसू नकोस."

खरं सांगते, मी क्षणभर थांबले. मायचं नाव. श्रीमतीसकट. हजार प्रतींवर. पेटीतली पिशवी डोळ्यासमोर आली. हो म्हटलं असतं तर दुकान राहिलं असतं, लायब्ररी राहिली असती, मायच्या बोटाखाली तिचं नाव आलं असतं. अन् सुकवारोनं तिचं नाव मला दोनदा सांगितलं होतं.

"तिघांचं लागेल, सर."

"तिघांचं नाही लागणार."

"मग मी नाही लावणार."

सेठजी मध्ये आले. "बेटा, कस्टमर जो मैटर दे, वही छापना है. हम कौन होते हैं?"

"आप दुकानदार होते हैं," मी म्हटलं. "मैं इन नामों के घर की होती हूँ."

सेठजी वाईट माणूस नाहीत. ते मला कधी घालूनपाडून बोलले नव्हते. त्यांनी साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, अन् दुसऱ्या ऑपरेटरला माझ्या खुर्चीकडे बोट दाखवलं. एवढंच केलं. तो उठून आला. मी त्याला फोल्डर कुठं आहे ते दाखवलं, मूळ फाइल कुठली, जोडलेली पानं कुठली. सगळं नीट सांगितलं. सहा वर्षांच्या चौकटी, पट्ट्या, वेली. सगळं तिथंच ठेवून डबा घेतला अन् निघाले. कोणी थांबवलं नाही.

स्मरणिका गणपतीआधी निघाली. मी एक प्रत मिळवली. शेवटच्या पानावर गंगा, महादेव, सुकवारो. दोन स्वल्पविराम. महादेवकाका पाचव्या वर्षीही मांडव टाकत होते. बदल एकच. नव्या ऑपरेटरनं वरचा मथळा पुन्हा टाईप केला होता अन् मंडळाचं 'मंडल' झालं होतं. त्याबद्दल मंडळानं भांडण केलं म्हणे. पानं परत छापून मागितली.

माय त्या वर्षी नळावर गेली नाही. मी जाऊ नको म्हटलं नव्हतं. जिथं नऊ वर्षं भांडी घासली त्या सभासद बाईंच्या घरून नळावर ये म्हणून निरोप आला, तर तिनं आलेल्या माणसाला सांगितलं, "सायबाले सांगजो, गंगा भांडी मेली म्हणून. गंगाबाई शेंडे घरी आहे." ते घर सुटलं. आणखी एक सुटलं. तिचे गुडघे दुखतात, नवं घर मिळायला वेळ लागला. त्या दिवसांत आम्ही एकमेकींवर चिडचिड केली. एकदा ती मला म्हणाली, "कावून एवढं ताणलं तू?" हेही झालं. लपवत नाही.

पुढच्या वर्षी मला भिलाईतच सुपेल्यात दुसऱ्या दुकानात काम मिळालं होतं. मंडळाची नवी स्मरणिका तिथं एका गिऱ्हाइकाच्या हातात दिसली. मागून घेतली. शेवटचं पान काढलं.

त्यांनी ओळ अपडेट केली होती. आठ वर्षांनंतर पहिल्यांदा. गंगा काढून लता टाकलं होतं. लता (भांडी). बाकी ओळ तीच.

मी रविवारी मांडवामागच्या नळावर गेले. लता माझ्याच वयाची. परातीत हात कोपरापर्यंत. मी माझं नाव सांगितलं, मायचं सांगितलं, मग तिचं पूर्ण नाव विचारलं. ती मांडवाकडे बघून म्हणाली, "कावून पायजे तुमाले? माह्यं काम जाईन."

"जाऊ शकतं," मी म्हटलं. "माझं गेलं."

तिनं सांगितलं नाही. मी तिला दोष देत नाही. मीही एका टेबलापाशी उभी राहून तेच केलं होतं. तिला माझा फोन नंबर दिला अन् परत आले. तिचा फोन आलेला नाही.

सुपेल्याच्या दुकानात मी पहिल्याच दिवशी मालकाला सांगितलं. माझ्या मशीनवर जे पान लागेल त्यात वरच्या माणसाला जसं लिहिलं असेल, तसंच खालच्याला लिहिलं जाईल. वर पूर्ण नाव असेल तर खाली पूर्ण नाव. मेलेल्याला मेलेला म्हणून लिहिलं जाईल. मंजूर नसेल तर ते काम दुसऱ्याला द्या. मालक म्हणाला, असं काम कुठं चालतं. मी म्हटलं, चालणार नाही त्या दिवशी मला सांगा, मी उठून जाईन. पण गप्प बसून लावणार नाही, अन् लावलं ते चूक होती असं तर कोणासमोरच म्हणणार नाही.

आतापर्यंत तीन कामं परत गेली. चौथं जाईल. जाऊ दे.